संध्याकाळची वीज : ऊर्जासाठवण आणि महाराष्ट्राचे विद्युतजाल

विद्युतजाल म्हणजे वीजनिर्मिती केंद्रे, उच्चदाब वाहिन्या, उपकेंद्रे आणि ग्राहक यांना एकत्र बांधणारी यंत्रणा. या यंत्रणेचा पहिला नियम असा की, तिच्यात कोणत्याही क्षणी जेवढी वीज वापरली जाते तेवढी नेमकी त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते, कारण तारेतून वाहणारी वीज तारेत साठून राहत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाल उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून भारतातील सर्व प्रांतांची मोठी जनित्रे एकाच लयीत फिरतात. ही लय सेकंदाला ५० आवर्तनांची असून तिला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्‌झ या एककात मोजतात. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की वारंवारता घसरते, निर्मिती वरचढ झाली की ती चढते, आणि ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झ या अरुंद पट्ट्यात तिला राखण्याचे काम राष्ट्रीय, प्रादेशिक आणि राज्य भारप्रेषण केंद्रांत अहोरात्र चालू असते. महाराष्ट्राचे असे केंद्र ऐरोलीला आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दोन दिवशी उत्तर आणि पूर्व भारताचे जाल कोसळले आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ६२ कोटी लोकसंख्येचा प्रदेश अंधारात गेला, तेव्हा या तोलाची किंमत सर्वांना कळली.

साठवण हा विषय नवा मानला जातो, परंतु जालात एक साठा पहिल्या दिवसापासून होता. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतील शेकडो टन वजनाचे रोटर, म्हणजे जनित्रांचे फिरते भाग, फिरत असताना त्यांच्या गतीत ऊर्जा भरलेली असते, आणि एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडले तर पहिल्या काही सेकंदांची तूट हे रोटर स्वतः किंचित मंदावून भरून काढतात. या गुणधर्माला जालाचे जडत्व म्हणतात. पवनचक्की आणि सौरपटल ही इन्व्हर्टरमार्फत, म्हणजे एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साधनामार्फत, जालाला जोडलेली असल्याने त्यांच्याकडून हे जडत्व आपोआप मिळत नाही. त्यामुळे सौरऊर्जेचा वाटा वाढतो तसा हा जुना, कोणी कधी न मोजलेला आणि ज्याचे पैसे कोणी कधी न दिलेला साठा कमी होत जातो. ऊर्जासाठवणीची गरज सांगताना केवळ सूर्यास्ताचा उल्लेख होतो. त्याआधीचे हे कारण सहसा सुटते.

जालाला साठ्याकडून काय हवे असते याचा सर्वांत मोठा जाहीर प्रयोग ५ एप्रिल २०२० च्या रात्री झाला. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे मालवण्याचे आवाहन देशभर पाळले गेले आणि काही मिनिटांत मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली. म्हणजे महाराष्ट्राच्या त्या काळच्या संपूर्ण कमाल मागणीपेक्षाही जास्त भार एका दमात नाहीसा झाला आणि पुन्हा परत आला. कोळशावरील केंद्रांना अशी उठबस मानवत नाही. ती रात्र निभावली ती मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी, ज्यांनी आपली निर्मिती आधी वाढवून ठेवली होती आणि दिवे मालवताच सुमारे १७,५०० मेगावॅटने खाली आणली. धरणातील पाणी हा साठा होता आणि झडप हे त्याचे नियंत्रण होते. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्‌झ या मर्यादेत हेलकावली, पण जाल उभे राहिले.

साठवणीच्या चर्चेत एक गफलत इतकी रूढ झाली आहे की ती दूर केल्याशिवाय पुढचे काही नीट समजणार नाही. मेगावॅट हे वीज देण्याच्या वेगाचे माप आहे आणि युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, हे दिलेल्या विजेच्या परिमाणाचे माप आहे. एक मेगावॅट क्षमतेचे यंत्र तासभर चालले तर एक हजार युनिट वीज मिळते. कोळशाच्या केंद्राला नुसते मेगावॅट सांगितले तरी चालते, कारण कोळसा येत राहतो. साठवणीला मात्र दोन आकडे लागतात : एक वेगाचा आणि दुसरा साठ्याचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये छत्तीसगडमधील राजनांदगाव येथे भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने १०० मेगावॅटच्या सौरप्रकल्पाला जोडून जी बॅटरी कार्यान्वित केली तिची क्षमता ४० मेगावॅट आणि साठा १२० मेगावॅट-तास, म्हणजे १ लाख २० हजार युनिट आहे. पूर्ण वेगाने ती तीन तास चालते आणि चौथ्या तासाला तिच्याकडे काही नसते. वृत्तपत्रांतून आणि सामंजस्य करारांच्या घोषणांतून बहुधा पहिलाच आकडा छापला जातो, तासांचा आकडा गळतो. तास न सांगितलेली साठवण ही खोली न सांगितलेल्या तळ्यासारखीच अपुरी माहिती आहे.

साठवण वीज निर्माण करीत नाही, उलट काही वीज खाते. नाशिक जिल्ह्यातील शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवतो तेव्हा काही कांदा सडणार, काहीचे वजन घटणार हे त्याला ठाऊक असते, आणि तरीही मे महिन्यातील भाव व सप्टेंबरमधील भाव यांतील फरक त्या घटीपेक्षा मोठा असेल या हिशेबाने तो चाळ भरतो. विजेच्या साठवणीचे अर्थशास्त्र नेमके हेच आहे, फक्त महिन्यांच्या जागी तास आहेत. डोंगरावर पाणी चढवून पुन्हा उतरवण्यात चार युनिट घालून साधारण तीन युनिट परत मिळतात. लिथियमच्या बॅटरीत शंभरातील ८५ ते ९० मिळतात. विजेपासून हायड्रोजन करून त्याची पुन्हा वीज केली तर शंभरातील ३० ते ४० हाती लागतात. म्हणून घट किती हा प्रश्न एकट्याने निर्णायक नसतो. दुपारच्या आणि संध्याकाळच्या विजेच्या भावांत अंतर किती, हा प्रश्न त्याच्याबरोबर विचारावा लागतो. सौरऊर्जा वाढल्यापासून हे अंतर रुंदावत चालले आहे : उन्हाळ्यातील दुपारी वीजबाजारातील दर अनेकदा फार खाली येतात, आणि सूर्य मावळल्यावर तेच दर युनिटला १० रुपयांच्या नियामक मर्यादेला जाऊन भिडतात. देशाची कमाल मागणी ३० मे २०२४ रोजी २५० गिगावॅटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॅटवर पोहोचली ती दुपारी, आणि ती पुरवता आली. नियोजकांची चिंता आता संध्याकाळी सहा ते रात्री अकराच्या दरम्यानच्या तासांची आहे.

महाराष्ट्रात या तासांचे उत्तर शोधण्याचे काम सौरऊर्जेच्या लाटेच्या बरेच आधी सुरू झाले होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोकणकड्याच्या अगदी माथ्यावर, प्रवरा नदीच्या उगमक्षेत्रात घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा वरचा जलाशय आहे, आणि कड्याखाली ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात खालचा. उदंचन म्हणजे पाणी उपसून वर चढवणे. मागणी कमी असते तेव्हा जालातील वीज घेऊन खालच्या जलाशयातील पाणी वर पाठवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, अशी ही रचना असून दोन्ही कामे एकच यंत्र करते. एका दिशेने फिरले की ते टर्बाइन असते आणि उलट फिरले की पंप. जपानच्या कर्जसाहाय्याने उभारलेला, प्रत्येकी १२५ मेगावॅटच्या दोन संचांचा हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला आणि त्याची धरणे ही भारतातील रोलरने दाबलेल्या काँक्रीटची पहिली धरणे ठरली. दोन जलाशयांच्या पातळ्यांत सुमारे ४०० मीटरचे अंतर आहे. या उंचीचा अर्थ साध्या गणिताने कळतो : एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ४०० मीटर खाली उतरले की यंत्रांतील घट वजा जाता सुमारे एक युनिट वीज मिळते. एका घराच्या गच्चीवरील टाकीएवढे पाणी आणि त्याच्या बदल्यात एक युनिट, हे प्रमाण पाहिले की जलाशय मोठे का लागतात आणि उंची एवढी मोलाची का असते हे दोन्ही स्पष्ट होते. दोन्ही संच सहा तास पूर्ण क्षमतेने चालले तर घाटघरमधून १५ लाख युनिट मिळतात आणि त्यासाठी १५ लाख घनमीटरच्या आसपास पाणी खाली येते. ते पाणी संपत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जाते. बाष्पीभवन आणि गळती भरून निघाली की पुरे.

उंचीच्या दृष्टीने सह्याद्रीचा पश्चिमकडा असामान्य आहे. पठारावरून कोकणात उतरताना काही किलोमीटरच्या आडव्या अंतरात पाचशे मीटरची घसरण मिळते, त्यामुळे बोगदे आखूड होतात आणि खर्च आटोक्यात राहतो. हे मर्म टाटांच्या अभियंत्यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. लोणावळ्याच्या परिसरातील पाणी खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली गेली, त्यामागोमाग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे उभी राहिली. पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेकडे वळवून वीज करण्याची ही पद्धत पुढे कोयनेने फार मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. परंतु भिऱ्याच्या मागे मुळशीचे धरण आहे, आणि मुळशीच्या मागे १९२१ ते १९२४ या काळातील, सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालचा, धरणाखाली जाणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांचा सत्याग्रह आहे. मुंबईच्या गिरण्यांची वीज आणि मावळ्यांची भातखाचरे यांच्यातील तो लढा शेतकरी हरले. पाण्याची उंची हा निसर्गाचा साठा असला तरी तो कोणाच्या तरी जमिनीवर भरला जातो, ही गोष्ट महाराष्ट्राला कोणत्याही अहवालातून शिकण्याची गरज नाही.

याच भिऱ्याला १९९० च्या दशकात १५० मेगावॅटचा उदंचन संच बसवला गेला, आणि त्यासाठी नवे मोठे धरण बांधावे लागले नाही. घाटघर आणि भिरा यांतील हा फरक आज निर्णायक ठरावा असा आहे. राज्य शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि गेल्या काही वर्षांत खासगी कंपन्यांशी सह्याद्रीतील अनेक जागांसाठी करार केले; टाटा पॉवरचे भिवपुरी येथील १,००० आणि शिरवटा येथील १,८०० मेगावॅटचे प्रस्ताव, तसेच जेएसडब्ल्यू समूहाचा भावली येथील १,५०० मेगावॅटचा प्रस्ताव ही त्यांपैकी ठळक उदाहरणे आहेत. शिरवट्यासारख्या ठिकाणी शतकापूर्वीचा जलाशय आधीच आहे. इतर अनेक ठिकाणी माथ्यावरील सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, किंवा देवराईच्या शेजारी नवे तळे खोदावे लागेल. कागदावर दोन्ही ‘उदंचन प्रकल्प’च दिसतात आणि दोन्हींना सारखीच हरित ऊर्जेची झूल चढते. जुन्या जलाशयांना प्राधान्य, आणि नव्या तळ्यासाठी सड्याची परवानगी सर्वांत शेवटी, असा क्रम धोरणाने स्पष्ट शब्दांत लावून द्यायला हवा. तो लावला नाही तर पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालानंतर जो वाद दगडखाणींवरून झाला तोच उद्या तळ्यांवरून होईल.

यंत्र उलट फिरू शकते एवढ्यानेच साठवण होत नाही, याचे सर्वांत महागडे उदाहरण नर्मदेवर आहे. सरदार सरोवराच्या नदीपात्रातील वीजगृहात २०० मेगावॅटचे सहा उलटसुलट चालणारे संच बसवलेले आहेत आणि त्या विजेत महाराष्ट्राचा २७ टक्के वाटा आहे. पण पाणी उपसण्यासाठी धरणाच्या खाली जे पाणी अडवून ठेवावे लागते त्यासाठीचा गरुडेश्वरचा बंधारा वर्षानुवर्षे तयार नव्हता, आणि हे १,२०० मेगावॅटचे संच पंप म्हणून न चालता केवळ टर्बाइन म्हणून चालत राहिले. गुजरातमधील मही नदीवरच्या कडाणा येथील २४० मेगावॅटच्या संचांचीही उदंचनाच्या बाबतीत अशीच अडचण झाली. देशातील सुमारे ४,७५० मेगावॅटच्या उदंचन क्षमतेपैकी ३,३०० मेगावॅटच्या आसपासच क्षमता दीर्घकाळ खऱ्या अर्थाने पाणी वर चढवीत होती. उरलेल्या क्षमतेची जाल-नियोजनाच्या तक्त्यांत मात्र निष्ठेने नोंद होत राहिली. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी आणि उजनीला प्रत्येकी १२ मेगावॅटचा असा एकेक संच आहे. मराठवाड्यातील आणि सोलापूरकडील पाण्याची ओढाताण पाहता तेथे पाण्याचा पहिला हक्क विजेचा असणार नाही हे उघड आहे, आणि ते योग्यही आहे.

बॅटरीकडे वळताना प्रथम तिच्या वेगाचा विचार करावा लागतो, कारण जालाने तिचा स्वीकार आधी वेगासाठी केला आणि साठ्यासाठी नंतर. २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळात मनोरे कोसळून दक्षिण ऑस्ट्रेलिया हे संपूर्ण राज्य अंधारात गेले, त्यानंतर वर्षभराने हॉर्न्सडेल येथे टेस्ला कंपनीने १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तासांची बॅटरी उभारली. १४ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातील लॉय यांग केंद्राचा ५६० मेगावॅटचा संच बंद पडला तेव्हा हजार किलोमीटर अंतरावरच्या या बॅटरीने वारंवारतेची घसरण ओळखून क्षणार्धात वीज देण्यास सुरुवात केली. तिने दिलेली वीज तुटीच्या मानाने नाममात्र होती. महत्त्व होते ते कोळशाच्या राखीव संचांना जाग येण्यापूर्वीच तिने हात दिला याला. जडत्वाची जी उणीव वर सांगितली ती भरून काढण्याचे काम योग्य इन्व्हर्टर असलेली बॅटरी बऱ्याच अंशी करू शकते, पण त्यासाठी ते काम तिच्या करारात लिहिलेले असावे लागते.

साठ्यासाठी बॅटरी परवडू लागली ती अगदी अलीकडे, आणि हा बदल किती झपाट्याने झाला हे निविदांतून दिसते. सौर ऊर्जा महामंडळाच्या २०२२ मधील निविदेत दोन तासांच्या बॅटरीचे भाडे दर मेगावॅटला दरमहा १० लाख ८४ हजार रुपये निघाले होते. २०२४ च्या अखेरीस राजस्थानातील निविदेत, केंद्राच्या व्यवहार्यता अनुदानासह, ते अडीच लाखांच्या आत आले. असे एक मेगावॅट म्हणजे एका वेळी दोन हजार युनिट, आणि रोज एकदाच भरून रिकामे केले तर महिन्याला साठ हजार युनिट. म्हणजे पहिल्या दराने साठवणुकीचा खर्च युनिटला १८ रुपये पडत होता आणि दुसऱ्या दराने तो चार रुपयांच्या आसपास आला. त्यात दुपारच्या विजेचा भाव आणि घट मिळवली तरी संध्याकाळची बाजारातील वीज अनेकदा याहून महाग असते. या घसरणीचे श्रेय बहुतांशी चीनमधील अवाढव्य कारखान्यांना आणि लोह-फॉस्फेट या रसायनाला जाते. लिथियम बॅटरीच्या शोधासाठी २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेत हे रसायन १९९० च्या दशकात पुढे आले. त्यात कोबाल्ट आणि निकेल लागत नाही, ते अधिक वर्षे टिकते आणि तापल्यावर सहज पेट घेत नाही. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथे जुन्या वीजगृहाच्या इमारतीत ठेवलेल्या बॅटऱ्यांना भीषण आग लागून परिसरातील लोकांना घरे सोडावी लागली, त्या बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या आणि एकाच छताखाली दाटीने मांडलेल्या होत्या. उघड्या जागेत, सुट्या पेट्यांत, पेट्यांमध्ये अंतर राखून केलेली मांडणी हा त्यावरचा साधा उपाय आहे, आणि मुंबई-ठाण्यासारख्या शहरांत उपकेंद्रांच्या आवारात बॅटऱ्या बसवताना जागेच्या महागाईपायी नेमका हाच उपाय पहिल्यांदा वगळला जाण्याची भीती आहे.

जगातील बॅटरी-घटांपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक उत्पादन चीनमध्ये होत असल्याने कोळशाच्या आयातीऐवजी घटांची आयात, असे अवलंबन तयार होते हे खरे. मात्र कोळसा जळून जातो आणि बॅटरी पंधरा वर्षे राहते, त्यामुळे हे दोन धोके एका मापाने मोजता येत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधील रियासी येथे ५९ लाख टन लिथियम-खनिज असल्याचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला तेव्हा देश स्वयंपूर्ण झाल्याच्या बातम्या छापून आल्या. पुढे त्या खाणपट्ट्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदारही मिळाले नाहीत.

आता ज्या एका गणिताकडे या सर्व चर्चेत दुर्लक्ष होते त्याकडे वळणे आवश्यक आहे. राष्ट्रीय वीज योजनेनुसार २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ७४ गिगावॅटची साठवण लागेल. तीत बॅटऱ्यांचा वाटा ४७ गिगावॅट आणि साठा सुमारे २३६ गिगावॅट-तास, म्हणजे २३ कोटी ६० लाख युनिटांचा आहे. हा आकडा प्रचंड वाटतो. परंतु कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवण्यास दिलेले वर्षाचे ६७.५ टीएमसी, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी, पावणेपाचशे मीटरच्या आसपास उतरते तेव्हा दोनशे कोटी युनिटांहून अधिक वीज देते. म्हणजे अख्ख्या देशाच्या नियोजित बॅटऱ्या एकदा काठोकाठ भरल्या तरी त्यांत एकट्या कोयनेच्या वर्षभराच्या पाण्यातील विजेचा जेमतेम नववा हिस्सा मावतो. अर्थात बॅटरी रोज भरते आणि कोयनेचा शिवसागर जलाशय वर्षातून एकदाच, म्हणून बॅटरी कमी प्रतीची ठरत नाही. दोन्हींची कामे वेगळी आहेत. दुपारची वीज संध्याकाळी नेणे हे तासांचे काम आहे आणि ते बॅटरी व उदंचन करू शकतात; पावसाळ्यातील पाणी एप्रिल-मेपर्यंत पुरवणे हे ऋतूंचे काम आहे आणि ते करणारे धरणाखेरीज आजतरी फक्त कोळशाचे ढीग आहेत. सुदैवाने जून ते सप्टेंबर या काळात आभाळ झाकोळून सौरऊर्जा घटते तेव्हाच सातारा-सांगलीच्या पठारांवर वारा जोरात असतो, त्यामुळे या प्रदेशाची ऋतूंची तूट युरोपातील हिवाळ्याइतकी कठीण नाही. तरीही सलग चार ढगाळ, निर्वात दिवसांना कोणतीही चार तासांची बॅटरी पुरणार नाही. कोयनेच्या पाण्याचा उपयोग म्हणूनच जपून, खऱ्या अडचणीच्या तासांसाठी व्हावा. रोजच्या संध्याकाळची गरज बॅटऱ्यांनी उचलली तर कोयना मोकळी राहील आणि तिचे मोल वाढेल.

साठवणीचा सर्वांत स्वस्त प्रकार मात्र या कोणत्याच यादीत सापडत नाही. महाराष्ट्रात ४५ लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत आणि त्यांना आलटून पालटून रात्री वीज देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली, कारण रात्री इतर मागणी कमी असे आणि कोळशाची केंद्रे बंद करता येत नसत. साप, बिबट्या आणि थंडी यांच्या सोबतीने रात्री पाणी भरणारा शेतकरी हा जालाचा तोल सांभाळणारा बिनपगारी कर्मचारीच होता. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरू झालेल्या आणि २०२३ पासून विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या सौरप्रकल्पातून कृषिवाहिनीला दिवसा वीज मिळते. पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे पावणेचार किलोवॅट वीज घेतो. असे दहा लाख पंप रात्रीऐवजी दिवसा सात तास चालले असे धरले तर रोज अडीच कोटींहून अधिक युनिटांची मागणी काळोखातून उन्हात येते. घाटघरच्या एका दिवसाच्या निर्मितीच्या ती सतरा पट आहे, आणि तीत चार युनिटांतील एक गमावण्याचा प्रश्नच येत नाही, कारण वीज साठवलेली नसते, काम हलवलेले असते. जमिनीत मुरलेला ओलावा हाच येथे साठा होतो. या उपायाची दुसरी बाजू भूजलाची आहे. दिवसा, पूर्ण दाबाने आणि जवळपास फुकट मिळणारी वीज विहिरींचा तळ लवकर गाठते, आणि उसाच्या पट्ट्यात या प्रश्नाकडे ऊर्जाखाते जलसंपदा खात्याचा विषय म्हणून पाहते व जलसंपदा खाते ऊर्जाखात्याचा.

वेळेनुसार बदलणारा दर हा याच विचाराचा शहरी भाग आहे. २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक-हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार सौरतासांत दर किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या तासांत जास्त ठेवायचा आहे. महाराष्ट्रातील उद्योगांना रात्री स्वस्त आणि संध्याकाळी महाग वीज ही रचना आधीपासून परिचित आहे. स्वस्त तास आता रात्रीकडून दुपारकडे सरकत आहेत एवढाच बदल आहे, परंतु रात्रपाळीवर बेतलेल्या फौंड्र्यांना आणि कापड उद्योगाला तो लहान नाही. घरगुती ग्राहकाने भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर आणि शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या विकत घेऊन जी साठवण स्वतःच्या खर्चाने उभारली तिची नोंद कोणत्याही योजनेत झाली नाही. ऐपत असलेल्यांनी उजेड विकत घेतला आणि इतरांनी वाट पाहिली. सार्वजनिक जालातील साठवणीचे समर्थन याच अनुभवावर उभे आहे, आणि म्हणूनच तिचा खर्च कोणाच्या बिलात, कोणत्या तासांच्या दरात जातो, हे पाहण्याचा हक्क सर्वांना आहे.

डिसेंबर २०२२ मधील विद्युत नियमांतील दुरुस्तीने साठवणीला निर्मिती, पारेषण किंवा वितरण यांपैकी कशाचाही भाग होण्याची, तसेच स्वतंत्रपणे उभे राहण्याची मुभा दिली. व्यवसायासाठी ही मुभा सोयीची आहे. हिशेबासाठी ती धोक्याची आहे, कारण एकच बॅटरी तीन खिडक्यांवर तीन नावांनी दिसू शकते. सरदार सरोवराच्या न चाललेल्या पंपांचा धडा लक्षात घेता महाराष्ट्रातील प्रत्येक साठवण प्रकल्पाची, तो सरकारी असो वा खासगी, दरमहा किती तास वीज घेतली, किती युनिट परत दिले, ते दिवसाच्या कोणत्या तासांत दिले आणि त्यासाठी किती पाणी व किती पैसा लागला, ही माहिती महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मराठीतून प्रसिद्ध करणे बंधनकारक करावे. आणि ज्या तालुक्यांच्या माथ्यावर नवी तळी येणार आहेत तेथील ग्रामसभांनी जनसुनावणीत मेगावॅटच्या आधी तासांचा आणि पाण्याचा आकडा मागावा.